राहून गेलेली उत्तरपूजा

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

चिंचवड,
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८७८

चि. गं. भा. इंदू हीस आबाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या कृपेवाचून लेखणीस शाई लागत नाही आणि शाईस अर्थ लागत नाही, त्या विघ्नहर्त्यास व जिच्या वीणेवाचून शब्द म्हणजे नुसता ध्वनी, त्या शारदेस वंदन करून पवनेकाठच्या या ओसरीवर पत्र आरंभितो.

पत्रास कारण की, यशवंता ज्या विद्यापीठात तीसेक वर्षे ग्रंथपाल होता, तेथील जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच्या सेवेच्या गौरवार्थ एक पुस्तिका काढण्याचे योजिले आहे. तिच्यातील पहिला लेख मी लिहावा, असा त्यांचा आग्रह आहे. मी विद्यापीठाची पायरी चढलेला मनुष्य नव्हे. देवळात पुराण सांगण्यात माझा जन्म गेला. परंतु यशवंता माझा आतेभाऊ आणि एकाच पंतोजींच्या हातचा मार खाल्लेला सोबती, म्हणून नाही म्हणवेना. तो स्वतःविषयी काही बोलत नाही हे तू जाणतेसच. गेल्या खेपेस विचारले, तर म्हणाला, "लोकांनी पुस्तके मागितली, मी काढून दिली. यात लिहिण्यासारखे काय आहे?" तू मात्र वैधव्य आल्यापासून त्याच्याच बिऱ्हाडी राहिलीस. त्याची सेवा तू जवळून पाहिलीस. आठवेल ते कळव.

आणखी एक समाधान लिहितो. भाद्रपदात मी त्याला लिहिले होते की, आता सेवेतून मोकळा होऊन चाकणच्या घरी परतलास, तर ग्रंथांचाही मोह देवाच्या चरणी घाल आणि उरलेले आयुष्य काशीवासात घालव. त्याने तो उपदेश मनावर घेतला असून माघी पौर्णिमेच्या सुमारास कायमचे काशीस जाण्याचे ठरविले आहे, असे त्याच्या कार्डावरून कळले. ज्याने जन्मभर ग्रंथ सांभाळले, त्याला ते सोडताही यावेत, ही केवढी ईश्वरी कृपा!

तुमच्या शेजारचा ज्योतीराम हे पत्र घेऊन येत आहे. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात तो कामास असतो आणि रविवारी चाकणला घरी येतो. उत्तर त्याच्याच हाती द्यावे.

तुझा,
आबाजी

* * *

॥ श्री ॥

चाकण,
कार्तिक वद्य तृतीया

तीर्थस्वरूप आबाजीदादा यांस इंदूचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. ज्योतीरामाने ते टोपीच्या घडीत जपून आणले होते. "आक्का, टपालखात्यापरास आमी बरं का न्हाई?" म्हणून वर चहाही घेऊन गेला.

अण्णांच्या आठवणी कोणत्या लिहू? मी विद्यापीठाच्या गावी गेले तेव्हा विशीतही नव्हते आणि दिवसभर भिंतीकडे पाहत बसे. अण्णांनी मला धीराचे चार शब्दसुद्धा सांगितले नाहीत. शनिवारी येताना एक पुस्तक घेऊन आले आणि देवघराच्या उंबऱ्यावर ठेवून गेले. पुढच्या शनिवारी विचारले, "कुठे अडलीस?" मी जागा दाखविली. त्या जागेवरून त्यांनी पुढचे पुस्तक आणले. ग्रंथालयातही त्यांची हीच रीत. पुस्तक परत करणाऱ्याला ते आवडले का, असे कधी विचारीत नसत. कुठे अडलात, इतकेच विचारीत. मोठमोठे प्राध्यापक या प्रश्नाला बिचकत. एकजण आमच्या घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, आमचे ग्रंथपाल फार कठीण परीक्षा घेतात." मी म्हटले, "मी वहिनी नव्हे, बहीण, आणि माझी परीक्षा दर शनिवारी असते."

बेचाळीस साली एक अंमलदार आला होता. अमुक विद्यार्थी काय काय वाचतो, ते सांगा म्हणाला. अण्णांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "वैद्याला रोग्याची नाडी विचारू नये, मला वाचकाचे पुस्तक विचारू नये. आपल्याला स्वतःला काही वाचायचे असेल तर अवश्य काढून देतो." तो गृहस्थ हसला की रागावला, हे अण्णांना आजही ठरविता येत नाही. पण एक प्रवासवर्णन घेऊन गेला आणि वेळेवर परत केले, असे म्हणतात.

चैत्रात मी चाकणच्या झाडाचा कडुलिंबाचा पाला आणून सावलीत वाळवी. तो वेखंडाबरोबर कापडी पुरचुंड्यांत बांधून अण्णा कपाटांत ठेवीत, म्हणजे ग्रंथांना कसर, ती कागद खाणारी बारीक कीड, लागत नाही. आमचे सारे बिऱ्हाड कडू वासाचे झाले होते.

खंडेनवमीला ग्रंथालयात सरस्वतीपूजन होई. पूजेत मांडलेले ग्रंथ दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत कोणी उघडायचे नाहीत, हे तुम्हांस मी काय सांगावे? अण्णा दसऱ्याला सूर्योदयालाच उत्तरपूजा उरकून दार उघडीत. शिवाय नवमीला एक ग्रंथ पूजेबाहेर, टेबलावर ठेवीत. मी कारण विचारले तर म्हणाले, "आज एखादा अडलेला आला तर त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवू?"

यावरून आठवले. यंदा नवमीला अण्णांनी घरचे सारे ग्रंथ लाल बासनांत बांधून देवघरात मांडले, पूजा केली. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी उत्तरपूजा करावयाचे त्यांच्या मनात दिसत नाही. पूजा उतरली नाही, म्हणून मला त्यांना हात लावता येत नाही. झाडूसुद्धा लांबून फिरविते. अण्णांना म्हटले, तर म्हणतात, "देवाला दिलेले परत का मागायचे?" यावर शास्त्र काय सांगते, ते कळवावे.

आपली,
इंदू

* * *

॥ श्री ॥

चिंचवड,
कार्तिक वद्य एकादशी

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मला दोन दिवस पुराणाचे अनुसंधान राहिले नाही. लेखाचा प्रारंभ झाला. तो असा: "काही माणसे ग्रंथ रचतात, काही त्यांचे अर्थ सांगतात. ज्याने दुसऱ्याच्या तहानेसाठी आयुष्यभर घागरी भरून ठेविल्या आणि स्वतः पाणवठ्यावर उभा राहिला, अशा एका पुण्यशीलाची ही कथा आहे." कशी वाटली?

नवमीस एक ग्रंथ पूजेबाहेर ठेवण्याची गोष्ट मात्र लेखात घालणार नाही. अनध्याय तो अनध्याय. पूजेच्या दिवशी वाचनास वाव ठेवणे हे त्याचे भाबडे धाडस होय. देव त्याला क्षमा करील.

बासनांविषयी तू विचारलेस. मला तर त्यात वैराग्याचा पहिला अंकुर दिसतो. ग्रंथ देवाच्या चरणी घाल, असे मी लिहिले आणि त्याने ते अक्षरशः घातले. असा शिष्य कोणास मिळतो? तू काळजी करू नकोस. पूजेतल्या वस्तूस कसर लागत नाही.

आणखी आठवणी पाठव. पावसाची काही गोष्ट होती, असे एका विद्यार्थ्याने लिहिले आहे.

तुझा,
आबाजी

* * *

॥ श्री ॥

चाकण,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप आबाजीदादा यांस इंदूचे शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तरास जवळजवळ महिना लागला. राग आला होता, आणि थोरांस रागाने लिहू नये, म्हणून थांबले. अजून गेलेला नाही, पण लिहिते.

पावसाची गोष्ट आधी संपविते. एका श्रावणात ग्रंथालयाचे छप्पर गळू लागले. अण्णांनी अंगावरचे उपरणे आणि मग घरून आणवून माझी दोन लुगडी कपाटांवर पसरली. लुगड्यांना कपाटांवरच्या भिजलेल्या चिठ्ठ्यांच्या शाईचे डाग पडले ते अजून आहेत. घाला लेखात.

आता घरची गोष्ट. कसर पूजा पाहत नाही, आबाजीदादा. देवघराच्या कोपऱ्यात तिची बारीक पांढरी भुकटी पडू लागली आहे. मी लांबून पाहते आणि अण्णाही पाहतात. दिवसभर ओसरीवर जपमाळ घेऊन बसतात, पण माळेचा मणी पुढे सरकत नाही. जेवण अर्धे झाले आहे. जो मनुष्य रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला "काय वाचता?" म्हणून थांबवी, तो आता कोणी आले तर आत उठून जातो. तुम्ही याला शांती म्हणता. मी रोज जेवायला वाढते, मला ते उपोषण दिसते.

गेल्या रविवारी ज्योतीराम आला. कारखान्यात त्याला बॉयलरवर घेणार आहेत, पण त्यासाठी फाल्गुनात परीक्षा आहे. अण्णांपाशी वाफेच्या यंत्रांविषयी मराठीतले एक जुने पुस्तक आहे, हे त्याला मीच सांगितले होते. त्यांचे बोलणे जसे झाले तसे लिहिते.

"काका, तेवढं बुक द्या की. आठ दिसांत आणून देतो. पाहिजे तर आईची आण घेतो."

अण्णा म्हणाले, "आण कशाला? पुस्तक आहे. तिसऱ्या बासनात, वरून दुसरे. बॉयलरची झडप कशी काम करते, ते मधल्या चित्रात दाखविले आहे. पण आधी पहिले प्रकरण वाच, नाहीतर अडशील."

"मंग द्या की!"

अण्णा उठले. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तेथे इतका वेळ उभे राहिले की मला वाटले, आत पाऊल टाकतात. मग परत आले आणि म्हणाले, "ते देवापुढे आहे रे. उत्तरपूजा झालेली नाही."

ज्योतीराम गप्प बसणारा नव्हे. म्हणाला, "काका, देवाला बॉयलर चालवायचा हाय व्हय? आमी पास झालो तर त्येच्याच म्होरं पेढं ठिवणार न्हवं का?"

अण्णा हसले नाहीत. ज्योतीराम गेल्यावर दाराकडे पाहत म्हणाले, "इंदू, आज पहिल्यांदा माझ्या दारातून माणूस रिकाम्या हाताने गेला." एवढे बोलून आत जाऊन निजले. दुपारचे निजणे त्यांना ठाऊक नव्हते.

आबाजीदादा, ते काशीस जातील ते देवासाठी नव्हे, येथे हा उंबरा रोज दिसू नये म्हणून जातील. मी येथे एकटी राहीन, त्याचे फारसे नाही. चाकणची सगळी माणसे माझी आहेत. पण तुमच्या एका पत्राने ज्याचे हात बांधले, त्याच्या हातांचा गौरव तुम्ही लिहीत बसला आहात, हे मला बघवत नाही. चुकले असल्यास लहान बहीण म्हणून पदरात घ्यावे.

आपली,
इंदू

* * *

॥ श्री ॥

चिंचवड,
पौष शुद्ध द्वितीया

चि. यशवंतास आबाजीचा सप्रेम आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे, इंदूस नव्हे. तिच्या मागच्या पत्राने माझा लेख थांबला आणि माझे पुराणही. दोन रात्री नव्हे, पुरे आठ-दहा दिवस विचार करून लिहितो. वाचून संपवीपर्यंत आत उठून जाऊ नकोस.

मी तुला लिहिले, ग्रंथ देवाच्या चरणी घाल. लिहिताना मला वाटत होते की ग्रंथ हे तुझे धन आहे, आणि धनाचा त्याग करावा. तुझ्या सेवेच्या आठवणी गोळा करू लागलो, तेव्हा कळले की ते तुझे धन कधीच नव्हते. एका अंमलदारास तू पाणी देऊन वाटेला लावलेस, ते ग्रंथ राखण्यासाठी नव्हे, वाचणाऱ्यास राखण्यासाठी. पावसात इंदूची लुगडी अंथरलीस, ती उद्या येणाऱ्या कोणा अडलेल्यासाठी. जे आपले नाही, त्याचा त्याग कसा करावयाचा? पुजाऱ्याने प्रसाद वाटणे सोडून दिले आणि त्याला वैराग्य म्हटले, तर देवळाबाहेर उभ्या असलेल्यांनी काय करावे? त्यागाचा उपदेश मी चुकीच्या माणसाला केला. तो माझ्याकडे ठेवावयास हवा होता. मला माझ्या पुराणाच्या श्रोत्यांचा मोह आहे, हे तूच एकदा हसत म्हणाला होतास.

आता शास्त्राचे सांगतो, कारण त्यात मी तुझ्याहून दोन पायऱ्या वर आहे, निदान असे समजून चालतो. ज्या पूजेची उत्तरपूजा झाली नाही, ती पूजा अपुरी. देवतेस बोलावून, आसन देऊन, मग तिला निरोपच न देता अडकवून ठेवणे याला भक्ती म्हणत नाहीत. तू शारदेस महिनोन्‌महिने कोंडून ठेविले आहेस, यशवंता. पाहुणीस इतके दिवस दार लावून बसविणारा यजमान मी तरी पाहिला नाही.

विद्यापीठात नवमीस तू एक ग्रंथ पूजेबाहेर ठेवीत असस. मी त्यास भाबडे धाडस म्हटले होते. आज म्हणतो, त्या एका ग्रंथाने तुझी पूजा पुरी होत असे. घरी तू तो ठेविला नाहीस, कारण माझे पत्र तुझ्या उशाशी होते.

माघ शुद्ध पंचमीस, वसंतपंचमीस, मी चाकणला येत आहे. अक्षता मी टाकीन. बासनाची गाठ मात्र तूच सोडावीस. त्यानंतरही काशीस जावेसे वाटले, तर मी स्वतः तुला स्टेशनावर पोचवीन आणि एक शब्द बोलणार नाही. ज्योतीरामास त्या दिवशी बोलावून ठेव. कारखान्यात रजा मागावी लागली, तर मागू दे.

तुझा,
आबाजी

* * *

॥ श्री ॥

चाकण,
माघ वद्य चतुर्थी

प्रिय आबाजीस यशवंताचा सप्रेम नमस्कार.

तू पंचमीस येऊन गेलास. माझ्या तोंडून त्या दिवशी एक शब्द निघाला नाही, त्याबद्दल इंदू मला अजून बोलते. म्हणून लिहितो.

तू अक्षता टाकल्यास आणि बासने जागची किंचित हलविलीस, तेव्हा मला वाटले की माझेच आसन हलले. पहिली गाठ माझ्याने सुटेना. ज्योतीराम मागून कुजबुजत होता, "काका, दातानं सोडा की!" तू त्याला दटावलेस, पण खरे सांगतो, मी दातांचाच विचार करीत होतो.

बासनाच्या कापडाला कसर लागली होती, हे तू पाहिलेस. कापडाची एक कड चाळणी झाली होती. म्हणून आतले काय होणार, या भयाने मी डोळे मिटले. इंदूने हाक मारली तेव्हा उघडले. एकही पान गेले नव्हते. प्रत्येक बासनात, वरच्या ग्रंथावर व खालच्या ग्रंथाखाली, कडुलिंबाचा वाळलेला पाला होता.

आबाजी, तो मी ठेविला हे मला आठवत नव्हते. नवमीच्या सकाळी मी ठरवून, मन घट्ट करून, पुन्हा कधी उघडायचे नाही म्हणून ती बासने बांधली होती. आणि त्याच सकाळी, इंदूने चैत्रात वाळविलेल्या पाल्याच्या डब्यात माझा हात जाऊन आला होता. जे कधी उघडायचे नाही, त्याला कोण कडुलिंब घालतो? मी काशीस निघालो होतो, हात ग्रंथालयातच होते. तुझ्या साऱ्या शास्त्राने जे झाले नसते, ते त्या मूठभर पाल्याने झाले.

काशीस जाईन, पण यात्रेस, आणि परत येण्यासाठी. इंदू बरोबर येणार आहे. तूही चल. गाडीत पुराण सांगायचे नाही, एवढी एकच अट.

ओसरीवर आता लाकडी मांडणी ठेविली आहे. इंदूने तिच्यावर "वाचून परत आणा" असे खडूने लिहिले होते. मी ते पुसून "कुठे अडलात ते सांगा" असे लिहिले. त्यावरून दोन दिवस आमचा वाद चालला. शेवटी दोन्ही ओळी राहिल्या. ज्योतीराम पहिले प्रकरण वाचून आला. झडपेपाशी अडला आहे. मीही तेथेच अडतो, म्हणून आम्ही दोघे ते चित्र उलटसुलट धरून बसतो.

तुझा लेख वाचला. घागरी आणि पाणवठा ठीक आहे, जरा ओले आहे इतकेच. एक भर मात्र घालावी, नाहीतर छापू देणार नाही. विद्यापीठाच्या कपाटांत इतकी वर्षे जो पाला होता, तो चाकणच्या झाडाचा आणि इंदूच्या हातचा होता. ग्रंथपालाचे नाव लिहितोस, तर तिचेही त्याच ओळीत लिही.

तुझा,
यशवंता

* * *

॥ श्री ॥

चिंचवड,
चैत्र शुद्ध नवमी, शके १८७९

चि. यशवंत व चि. इंदू यांस आबाजीचे अनेक आशीर्वाद.

पुस्तिका छापून आली. तुमची प्रत ज्योतीरामाबरोबर पाठवीत आहे. तो परीक्षा पास झाल्याचे पेढे माझ्या देवळातही ठेवून गेला आणि म्हणाला, "महाराज, देवाला बॉयलर चालवायचा न्हवता, पण पेढा चालला." त्याला रागवायचे राहून गेले, कारण माझ्या तोंडात पेढा होता.

लेखात इंदूचे नाव त्याच ओळीत घातले आहे. नवमीस पूजेबाहेर ठेवलेल्या ग्रंथाची गोष्टही घातली, आणि ती आधी गाळणारा मी होतो, हेही लिहिले. माझ्या मागे श्रोत्यांनी शास्त्राचा गोंधळ करू नये म्हणून देवळात एक नवी रीत सुरू केली आहे. पुराण संपल्यावर आता मी विचारतो, "कुठे अडलात?" पहिल्या दिवशी सगळे चपला शोधू लागले. काल श्रोत्यांतल्या अंबूबाईंनी हात वर केला आणि इतका वेळ विचारले की आरती उशिरा झाली. मोह वाढला की कमी झाला, ते तू ठरव.

काशीचे दिवस तुम्ही ठरवून कळवा. अट मान्य आहे, परतीच्या प्रवासापुरती नाही.

लेखाचा शेवट मी पुढील शब्दांनी केला आहे. तुम्हा दोघांसाठी म्हणून पुन्हा येथे लिहितो, कारण आशीर्वाद दोनदा दिल्याने उणा होत नाही:

ज्यांनी हे पान उघडले, त्यांचे हात कधी बांधलेले न राहोत. ज्यांच्या घरी ग्रंथ आहेत, त्यांच्या दारी वाचणारा येवो, आणि ज्यांच्या घरी नाहीत, त्यांना देणारा भेटो. कोणी अडेल, तेथे त्याला विचारणारे माणूस मिळो. गजाननाच्या व शारदेच्या कृपेने वाचणाऱ्यांचे, ऐकणाऱ्यांचे आणि अजून अक्षर न ओळखणाऱ्यांचेही सदैव कल्याण असो.